ताटावरची हार्ड डिस्क

मशीनचा आवाज बदलला की आधी ते बंद करायचं, विचार मग. नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात मेंटेनन्सला एकवीस वर्षं काढल्यावर एवढं वाक्य मी झोपेतही म्हणेन. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो. बेअरिंग ओरडायला लागलं, स्पिंडलचा सूर चढला, की लाल बटण. प्रॉडक्शनवाले कितीही बोंबलले तरी लाल बटण.

आणि गेल्या फाल्गुनात अप्पांची हार्ड डिस्क ‘खट्... खट्... खट्’ करायला लागली तेव्हा मी काय केलं? केबल काढून पुन्हा लावली. दुसऱ्या पोर्टला लावली. केबल बदलली. लॅपटॉप रिस्टार्ट केला. मग डिस्क तळहातावर घेऊन हलकेच टेबलावर आपटलीसुद्धा. आई समोर बसून बघत होती. ती म्हणाली, “अरे, रेडिओ आहे का तो?”

निमित्त तिचंच होतं. रंगपंचमी आठ दिवसांवर आली होती आणि तिला अप्पांचा रहाडीतला फोटो हवा होता. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या जुन्या गावठाणात पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे रस्त्याच्या पोटात बांधून काढलेले खोल हौद. वर्षभर त्या लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून रिक्षा-स्कूटर जातात, नवख्याला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, रंग भरला जातो आणि लोक काठावरून उडी मारतात. उडीला ‘धप्पा’ म्हणायचं. आमचं जुनं घर तिवंधा चौकाजवळ, तिथल्या रहाडीचा रंग पिवळा. २०१४ साली, एकसष्टाव्या वर्षी, डॉक्टरांनी आणि आईने दोघांनीही नको म्हटलेलं असताना अप्पांनी धप्पा मारला होता. फोटो मीच काढलेला. माझ्या मुलाचा आजोबांवर सगळा विश्वास असला तरी या गोष्टीवर नव्हता, म्हणून आईला पुरावा पाहिजे होता.

अप्पांचा रविवार कारंज्याजवळ छोटा छापखाना होता. आधी ट्रेडल, म्हणजे छपाईचं जुनं मशीन, आणि शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंप्युटर आला आणि कंपोझिटरचे अप्पा डीटीपीवाले अप्पा झाले. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल. जॉबवर्कच सगळं. दुकान बंद केलं तेव्हा मी त्यांना एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणून दिली. त्यांनी जुन्या कंप्युटरमधलं सगळं, सीड्या, स्कॅन केलेले अल्बम, कॅमेऱ्याचे फोटो त्यात भरले. महिनाभर तेच काम चाललं होतं. खिळ्यांच्या केसमध्ये ‘क’ कुठल्या खणात आणि ‘क्ष’ कुठल्या, हे ज्यांनी चाळीस वर्षं पाळलं, ते फोल्डरांना काय ‘न्यू फोल्डर २’ नाव देणार? एका फोल्डरचं नाव मला पाठ आहे. ‘२००७ चैत्र, सप्तशृंगी गड, सगळे, धाकटे काका सोडून (रुसले होते)’.

त्या डिस्कला घरात नावच ‘बॅकअप’ पडलं. बॅकअप कपाटात आहे, बॅकअपला हात लावू नका. जुना कंप्युटर भंगारात गेला, सीड्यांना बुरशी आली, मग त्याही गेल्या. म्हणजे बॅकअप होता, पण कशाचा बॅकअप होता ते काही उरलं नव्हतं. आता हे लिहिताना स्वतःचे कान उपटावेसे वाटतात. कारखान्यात मशीन चालवणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरच्या, म्हणजे पीएलसीच्या, प्रोग्रॅमच्या दोन प्रती मी कुलपात ठेवतो. वर अप्पा गेल्यावर, म्हणजे २०१९ पासून, ती डिस्क कोणी लावलीच नव्हती. वर्षातून एकदा उघडायची ती रहाड. डिस्कला एवढाही मान मिळाला नाही.

पाचव्यांदा लावून झाल्यावर मी एम. जी. रोडजवळच्या एका दुकानात गेलो. नाव कशाला घ्यायचं. तिथल्या मुलाने “होऊन जाईल काका” म्हणत डिस्क त्याच्या मशीनला लावली आणि चेक डिस्क चालू केलं. मीही बघत राहिलो. दोन तासांनी डिस्क दिसत होती, पण फोटोंचा फोल्डर रिकामा. हे असं का होतं ते मला नंतर कळलं. चेक डिस्क हे डॉक्टर नाही, ते मुनीम आहे. त्याला मालाची पर्वा नसते, खातेवही जुळली पाहिजे. डिस्कवर फाइलींची एक यादी असते: कुठली फाइल, काय नाव, कुठल्या कुठल्या जागी ठेवली आहे. विंडोजच्या डिस्कवर तिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. यादीतली काही पानं वाचता येईनात, म्हणून मुनिमाने त्या नोंदीच उडवल्या आणि हिशेब जुळवून दिला. चांगल्या डिस्कवर हे काम ठीक आहे. मरायला टेकलेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नसतं, ‘दुरुस्ती’ तर नाहीच.

सल्ले भरपूर मिळाले. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, झिपच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. ही युक्ती इतक्या लोकांना माहीत आहे की तिचं वय विचारावंसं वाटतं. गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं, आणि आत काय चाललेलं असतं? तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद, आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस या हिशेबात डोंगर आहे. तिथे दवाचा थेंब म्हणजे काय होईल, हे बेअरिंगमध्ये पाणी गेलेलं पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घरी स्क्रू काढून झाकण उघडायचं नाही ते याचसाठी.

खरा पर्याय म्हणजे लॅब. धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेडं काढून हिला बसवतात, आणि मग वाचतात. मी फोनवर विचारलं. रक्कम पाच आकडी, आणि मिळेलच असं नाही. डिस्क अजिबात ओळखली जात नसती, किंवा खटखट थांबतच नसती, तर तेच करायला हवं होतं. दुसरं काही करून ती आणखी बिघडवण्यात अर्थ नसतो. आमची डिस्क मात्र मधूनच खट् करायची आणि मधे बराच वेळ गुपचूप फिरायची. तब्येत सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा असतो, पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकालाच्या प्रतीक्षेत असलेल्या जागा. पुरात आपण नाशिककर जसं गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, तसा मी तो आकडा बघत होतो. दुकानात जाण्याआधी कमरेला होतं. आल्यावर छातीला लागलं होतं.

शेवटी कारखान्यातल्याच एका पोराने, ज्याला मी पहिल्या दिवशी लाल बटण शिकवलं होतं, मला डीडीरेस्क्यू शिकवलं. फुकटचा प्रोग्रॅम आहे, लिनक्सवर चालतो. पेनड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, चालू करायचं, म्हणजे विंडोजला मधे नाक खुपसता येत नाही. मग अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर उतरवायची. फाइली नाही, नाव-गाव काही न विचारता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत. आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवर. मूळ डिस्क पुन्हा कपाटात.

त्याची पद्धत मला इतकी आवडली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाचता वाचता एखादी जागा अडली, तर तो तिथे डोकं आपटत बसत नाही. वहीत खूण करतो आणि उडी मारून पुढे जातो. आधी सोपं सगळं घेऊन टाकायचं, कारण डिस्क कधी प्राण सोडेल याचा नेम नाही. मग दुसऱ्या फेरीत अडलेल्या भागांच्या कडा तासायच्या. मग आतलं एकेक सेक्टर खरवडून बघायचं. पाहिजे तर उलट्या बाजूनेही वाचता येतं, पुढून न वाचलेलं कधी कधी मागून हाती लागतं. आणि वही सतत लिहिलेली असते, त्यामुळे मधे डिस्क गळपटली, काढून पुन्हा लावावी लागली, तरी जिथे थांबलो तिथूनच सुरू. परीक्षेत अवघड प्रश्न शेवटी सोडवा, असं आम्हाला शाळेत सांगायचे. ते इतक्या शिस्तीने पाळणारं कोणी मी पहिल्यांदाच पाहिलं.

पहिल्या रात्री सात तासांत ९३ टक्के आलं. मी खूश होऊन झोपलो. उरलेल्या सात टक्क्यांना पुढच्या नऊ रात्री लागल्या.

त्या नऊ रात्री दिवाणखान्यात डिस्क स्टीलच्या उलट्या ताटावर ठेवलेली असायची. ताट उष्णता ओढून घेतं, आणि शेजारी टेबलफॅन. एका रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, डिस्क त्यावरच चालत होती, पंखा बंद पडला. मी टॉर्च घेऊन स्क्रीनपुढे. तेवढ्यात वारा लागला म्हणून वळून पाहिलं, तर आई स्टूल ओढून बसली होती आणि ‘देशदूत’ची घडी करून डिस्कला वारा घालत होती. तापात पडलेल्या माणसाला घालावा तसा. मी म्हटलं, “अगं, पाचदहा मिनिटं चालेल तशीच.” ती म्हणाली, “तू तुझं बघ.” वीस मिनिटांनी वीज आली तोवर तिने हात बदलला, थांबली नाही. मधून मधून खट् व्हायचं आणि ती वारा जरा वाढवायची. त्याचा तांत्रिक उपयोग किती, ते मी मोजलं नाही.

दहाव्या सकाळी आकडा होता ९९.९७ टक्के. मी साखर वाटणार होतो. मग हिशेब केला. एक टीबीच्या ०.०३ टक्के म्हणजे ३०० एमबी. एक फोटो अडीच-तीन एमबीचा धरला तर शंभर फोटो. ते नेमके कुठले शंभर, हे त्या आकड्यात नसतं. आणि त्यातला थोडा भाग नेमका यादीच्या पानांवर पडला होता, तो डिस्कमुळे किती आणि मुनिमामुळे किती, याचा निकाल आता लागणार नाही.

नकलेवर टेस्टडिस्क चालवलं, हा यादीवरून हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम. छापखान्याचे फोल्डर नावांसकट उभे राहिले. फोटोंचे नाही. मग फोटोरेक. तो यादीकडे बघतच नाही. सरळ सेक्टर चाळत जातो आणि जेपीजीची सुरुवात ज्या ठराविक खुणेने होते, ती दिसली की तिथून पुढे फोटो म्हणून उचलतो. फोटो येतो. नाव येत नाही, फोल्डर येत नाही. एफ आणि त्यापुढे सेक्टरचा नंबर, हेच त्याचं नाव. पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यांत एकतीस हजार चित्रं आली. त्यात इंटरनेटचा कचरा, बटणांची चित्रं, गुलाबाची फुलं घातलेले शुभ सकाळ, आणि त्या ढिगात कुठेतरी आमचं घर. ‘रुसले होते’ हे दोन शब्द कायमचे गेले.

फोटोच्या आत तारीख असते, तिच्यावर लावून बघू, असं वाटलं. अप्पांच्या कॅमेऱ्याची आतली बॅटरी गेलेली होती. प्रत्येक वेळी सेल बदलले की तारीख पहिल्या दिवसावर यायची आणि ते ती कधी लावायचे नाहीत. त्यामुळे आमच्या घरातली बारा वर्षं १ जानेवारी २००५ लाच घडली आहेत. मुंज, दोन लग्नं, एक बारसं, सगळं एकाच दिवशी.

तेव्हा मला रामकुंडावरचे गुरुजी आठवले. अप्पांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी फक्त गाव आणि आडनाव विचारलं. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. त्यांनी एक लांबट वही काढली, दोन-तीनदा पानं उलटली, आणि माझ्यासमोर पणजोबांपासूनची नावं ठेवली. शेवटी आजोबांची सही, १९५६ च्या सिंहस्थातली. त्याच साली अमेरिकेत आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली होती. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. ती मशीनं आता संग्रहालयात आहेत. आजोबांच्या सहीतला वळणदार ‘ज’ मी वाचला, त्याला केबल लागली नाही. मी गुरुजींना विचारलं होतं, एवढ्या जुन्या वह्या टिकतात कशा? ते म्हणाले, “टिकत नाहीत हो. जीर्ण झाली की नवीत उतरवून घ्यायची. माझ्या वडिलांनी उतरवली, मी उतरवतोय.” तेव्हा मी मान डोलावली होती. डिस्क घरी कपाटातच होती.

तर नावं घालायचं काम आईकडे आलं. रोज दुपारी जेवण झालं की ती टीव्हीसमोर बसायची, मी लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवलेला असायचा, आणि माझा मुलगा बाणाचं बटण दाबायचा. मला वाटलं होतं ती चेहऱ्यांवरून ओळखेल. ती चेहऱ्यांकडे बघतच नव्हती.

“हे २००८ नंतरचं. सराफ बाजारातलं दुकान ना? भिंतीला ओल बघ कुठवर आहे. पुराचं पाणी. रंग दिवाळीला दिला.”

“ही मोरपिशी साडी मी तुझ्या मामेबहिणीला दिली तिच्या डोहाळजेवणात. म्हणजे त्याच्या आधीचं.”

“पडदे आपले नाहीत. पडदे शेजारच्यांचे. आपले धुवायला काढलेले, पाहुणे अचानक आले म्हणून मागून आणले.”

मुलगा वहीत लिहायचा. एफ इतके इतके, आजीच्या मते अमुक. कधी मी म्हणायचो की हे लग्न आधीचं असेल, तर ती माझ्याकडे असं बघायची की मी गप्प. एकदा ती चुकली, असं मला वाटलं. दोन दिवसांनी दुसऱ्या फोटोत तेच पातेलं कान तुटलेलं दिसलं आणि तिचंच खरं ठरलं. चार महिन्यांत आम्ही सुमारे अकराशे फोटोंना नावं दिली. सप्तशृंगीच्या फोटोंपाशी ती आपण होऊन म्हणाली, “धाकटे भाऊजी नाहीत यात. रुसलेले.” मुलाने ते कंसात लिहिलं.

छापखान्याच्या फाइलींचं उलटं झालं. तिथे नाव होतं आणि आतलं वाचता येत नव्हतं. फाइलचं नाव एखाद्या लग्नाचं, उघडली तर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेली, मधेच डॉलर, मधेच तुटका कंस. क्षणभर वाटलं हीही गेली. मग आठवलं. युनिकोड अंगवळणी पडायच्या आधी आपण मराठी टाइप करायचो म्हणजे रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले फॉन्ट वापरायचो. फाइलमध्ये ‘क’ नसतोच, कुठलं तरी परकं अक्षर असतं, फॉन्ट त्याला ‘क’चा अंगरखा घालतो. फॉन्ट नाही, तर परकं अक्षर तसंच उघडं. पुण्यात एवढे फॉन्ट तयार झाले आणि प्रत्येकाची जागावाटणी वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली तर आणखीच गंमत. डिस्क ठणठणीत असती तरी हे असंच दिसलं असतं, ही गोष्ट मला डिस्क बिघडली नसती तर कधीच कळली नसती.

अप्पांनी त्याची तजवीज केलेली होती. त्याच डिस्कवर एक फोल्डर होता, ‘फॉन्ट, हे आधी टाका’. टाकले. आणि स्क्रीनवरची टोप्या-डॉलरांची रांग एका झटक्यात ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ झाली. खाली ‘माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ अशी किलबिल, जी त्यांनी शेकडो पत्रिकांना लावली असेल. माझ्या लग्नाच्या पत्रिकेचेही तीन खर्डे निघाले. पहिल्यात बायकोच्या माहेरचं आडनाव चुकलं आहे. हे तिला सांगितलेलं नाही. ती हे वाचणार नाही असं गृहीत धरतो.

रहाडीचा फोटो सापडला तो तेव्हा नाही. रंगपंचमी केव्हाच होऊन गेली होती. श्रावणात, अठ्ठाविसाव्या गठ्ठ्यात, मुलगा एकदम ओरडला. वरचा अर्धा भाग लख्ख. चौकातली गर्दी, गॅलरीतून वाकलेल्या बायका, आणि मधे हवेत अप्पा. बनियन भिजलेलं, दोन्ही हात वर, तोंड उघडं, चश्मा नाही. पाय गुडघ्यापर्यंत. तिथून खाली सरळ आडवी रेघ आणि तिच्याखाली सपाट राखाडी. त्या तीनशे एमबीतला एक तुकडा नेमका तिथे होता. जेपीजी वरून खाली उलगडत येतो. मधे दुवा तुटला की पुढचं काही सांगता येत नाही.

मी पुन्हा एकदा मूळ डिस्क लावून तेवढेच सेक्टर खरवडून बघितले. दोनदा. तिसऱ्यांदा ती खट् झाली आणि मग फिरलीच नाही.

मुलगा आजीला म्हणाला, “पण यात कुठे दिसतंय आजोबा पाण्यात पडले ते?”

“मग काय वरच राहिले का?” आई म्हणाली.

कॉलेज रोडवरच्या स्टुडिओत मोठा प्रिंट काढायला दिला. संध्याकाळी तिथून फोन आला. खालचा भाग करप्ट आहे, कापून टाकू का, की मागे एआयने पाणी भरून देऊ, छान भरतं, कळणार नाही. मी आईकडे फोन दिला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“नको. आहे तसाच द्या.” मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, “मॅट का ग्लॉसी विचारतोय, काय सांगू?”